नऊ सह्या

विमानात एक कार्ड भरायला दिलं होतं. तुमच्या सामानात झाडं, फळं, फुलं, बी-बियाणं यांपैकी काही आहे का, असा त्यात एक प्रश्न होता. समोर दोन चौकटी, हो आणि नाही. मी 'नाही'वर खूण केली आणि खाली सही केली. माझ्या बॅगेत, हिरव्या स्वेटरच्या बाहीत, काकूनं गाठ मारून दिलेल्या रुमालात तीन पुड्या होत्या: मेथी, धने आणि आमच्या परसातल्या गावरान टोमॅटोचं बी.

मला ते माहीत होतं. हे आधीच सांगते, कारण नंतर अनेकांनी मला सुटायला वाट करून दिली. तुला कल्पना नसेल, घरच्यांनी न सांगता भरलं असेल, इंग्रजी नीट कळलं नसेल, असं लोक म्हणाले. पण इंग्रजी कळलं होतं आणि कल्पनाही होती.

मी तेव्हा शेतीच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला होते. सरकारच्या एका योजनेतून आमच्या कॉलेजची काही मुलं एका सेमिस्टरसाठी परदेशात पाठवायची होती. मुलाखत झाली, यादी लागली, आणि माझ्या वाट्याला न्यूझीलंड आलं. जुलै ते नोव्हेंबर. तिथं कुणी ओळखीचं नव्हतं. आमच्या पुणतांब्याच्या घरातून तोवर कुणी विमानात बसलेलं नव्हतं, त्यामुळं यादी लागल्यापासून निघेपर्यंत सगळ्या घरालाच धडकी भरली होती. आई रोज एक पदार्थ करून ठेवायची आणि रोज कॉलेजच्या कागदात बघून तो न्यायला चालतो का ते मला विचारायची. चुलतीनं, म्हणजे काकूनं, काही विचारलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ती माझ्या बॅगेजवळ येऊन बसली.

"तिकडं पालेभाजी मिळंल का तुला?"

"मिळेल की. तिथंही माणसंच राहतात."

"मेथी मिळंल का?"

"नसेल बहुतेक."

"मंग हे ठेव. खिडकीत डबडं ठेवायचं, मूठभर टाकायची. पंधरा दिसांत भाजी."

"काकू, असलं काही न्यायला चालत नाही."

"आगं बी हाय ते, बाँब न्हाई," ती म्हणाली आणि रुमाल स्वेटरच्या बाहीत कोंबला. वरून दोन थापट्या मारल्या. मी तो काढू शकले असते. बॅग रात्रभर माझ्याच उशाला होती.

विमानात कार्ड हातात आलं तेव्हा पहिला विचार आला तो रांगेचा. 'हो' लिहिलं तर मला बाजूला घेतील, बॅग उघडतील, भरभर इंग्रजीत विचारतील, मला उत्तर देता येणार नाही, पुढचं विमान चुकेल. पुढचं विमान चुकलं तर काय करायचं, हे मला कुणीच सांगितलेलं नव्हतं. मेथी म्हणजे मसालाच की, असंही मी मनाशी म्हटलं. टोमॅटोचं काय, हे मनाला विचारलंच नाही.

उतरल्यावर तिथले कर्मचारी एक बुटकं कुत्रं साखळीला धरून फिरवत होते. ते प्रत्येकाच्या सामानाजवळ जायचं. माझ्या बॅगेपाशी ते थांबलं, हुंगलं आणि पुढं जाऊन एका म्हाताऱ्या बाईंच्या पिशवीजवळ बसलं. त्यांच्या पिशवीत विमानात दिलेलं सफरचंद निघालं. त्या बाई ओशाळून हसत होत्या. मी त्यांच्याकडं न बघता बाहेर पडले. बॅग मशिनमधूनही गेली, कुणी काही बोललं नाही. बाहेरच्या थंडीत उभी होते तरी पाठीला कुडता चिकटला होता.

विद्यापीठ एका छोट्या गावाशेजारी होतं. जुलैत तिथं ऐन हिवाळा. पहिले तीन आठवडे मला वर्गात बोललेलं निम्मंच कळायचं, आणि जे कळायचं नाही ते विचारायची हिंमत नव्हती. सगळे हसले की मीही हसायचे, मग कशावर हसलो याची काळजी करत बसायचे. ईमेल आला की तो संध्याकाळपर्यंत उघडायचेच नाही. घरी फोनवर मात्र सगळं छान चाललंय म्हणून सांगायचे. माझी संध्याकाळ म्हणजे त्यांची भर दुपार. मागून विहिरीच्या मोटरचा आवाज यायचा, आणि नाना, म्हणजे माझे वडील, त्या आवाजावर ओरडून बोलायचे.

ऑगस्टमध्ये एका रविवारी मी रुमाल सोडला. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडली, दुकानातून मातीची छोटी पिशवी आणली आणि मेथी टाकली. हीटरच्या वर खिडकीत डबा ठेवला. पाचव्या दिवशी कोंब वर आले. त्या दिवशी मी पहिल्यांदा वर्गात प्रश्न विचारला, हे मला अजून आठवतं. मग लोभ सुटला. दुसऱ्या डब्यात टोमॅटोचं बी लावलं. दहाबारा उगवली, त्यातली चार जोमदार ठेवली. मेथीची भाजी केली ती वाटीभरसुद्धा झाली नाही, पण उभ्या उभ्या खाल्ली. धने तसेच राहिले.

त्याच सुमाराला मला प्रात्यक्षिकासाठी एका काचघरात काम मिळालं. ते काचघर पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीचं होतं. मुलगी म्हणजे तिशी उलटलेली, उंच, फार कमी बोलणारी. दुपारचं जेवण दह्याच्या रिकाम्या डब्यात आणायची आणि उभ्यानंच खायची. टोमॅटोच्या चार ओळी तिनं वाढवल्या होत्या. प्रत्येक झाडाला तिच्या अक्षरातली चिठ्ठी होती. हे तिचं तिसरं वर्ष होतं. आम्ही तीन विद्यार्थी दर मंगळवारी तीन तास तिच्या हाताखाली काम करायचो. पानं मोजायची, खोडाची जाडी घ्यायची, बाजूचे फुटवे काढायचे. माझ्याकडं चौथी ओळ होती.

काचघराच्या दारात बुटांसाठी औषधी पाण्याचा पसरट ट्रे असायचा, खुंटीवर पांढरे कोट, आणि टेबलावर रजिस्टर. आत जाण्याआधी त्यात लिहायचं: नाव, वेळ, आणि एका प्रश्नाचं उत्तर. गेल्या चोवीस तासांत तुम्ही टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा किंवा तंबाखूच्या झाडाला हात लावला आहे का?

मी दर मंगळवारी सकाळी खिडकीतल्या रोपांना पाणी घालायचे. पानाखाली बोट घालून ती सरळ करायचे. आणि दुपारी रजिस्टरमध्ये 'नाही' लिहून सही करायचे.

पहिल्या दोन सह्यांच्या वेळी फारसं काही वाटलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. वाटायला लागलं ते सप्टेंबरच्या एका तासापासून. पिकांच्या रोगांपासून देशाचं संरक्षण कसं करतात, असा तो विषय होता. आमचे सर विमानतळावर जप्त झालेल्या वस्तूंची एक सीलबंद पेटी घेऊन आले. पेटीला वर काच होती. वर्गभर ती फिरवली. आंब्याची कोय, वाळलेल्या फुलांचा हार, लाकडाची कोरलेली मूर्ती आणि एका प्लॅस्टिकच्या पुडीत पिवळट, चौकोनी दाणे.

"हे कुणी ओळखेल?" सरांनी विचारलं.

माझा हात वर गेला. का गेला, देव जाणे. मेथी, मी म्हणाले. मग मेथीची भाजी कशी करतात, कडू असूनही का आवडते, हे मी सांगत सुटले. तोवर त्या वर्गात एवढं मी कधीच बोलले नव्हते. सर कौतुकानं ऐकत होते. बोलता बोलता माझे कान तापले आणि मी मधेच थांबले. मग सरांनी पुढं सांगितलं, की बियांच्या आतून विषाणू येतात. रोप वरून निरोगी दिसतं. टोमॅटोचे काही विषाणू तर नुसत्या हातानं एका झाडावरून दुसऱ्यावर जातात, एका माणसाच्या बोटांनी आख्खं काचघर जाऊ शकतं.

मी बोटं मिटून मांडीवर ठेवली.

त्या दिवसानंतरचे आठवडे मी कसे काढले ते मला एकसंध आठवत नाही. तुकडे आठवतात. चारही रोपं खिडकीतून काढून कपाटात ठेवली. कपाटात उजेड नव्हता, ती लांबुळकी आणि फिकट झाली, पण मेली नाहीत. फेकून द्यावीत तर मातीसकट कुठं फेकायची? कचराकुंडीत टाकली आणि तिथूनच काही पसरलं तर? एकदा पिशवीत घालून मी कुंडीपर्यंत गेलेही. तिथं माळीकाम करणारे काका पानं गोळा करत होते. त्यांनी "छान दिवस आहे" म्हटलं, मी "हो" म्हटलं आणि पिशवी घेऊन परत आले. शेजारच्या खोलीतल्या मुलीनं एकदा उघड्या कपाटात ती बघितली. गांजा समजून ती हसली आणि तोंडावर बोट ठेवून गेली. मीही हसले.

मंगळवारी काचघरात जाण्याआधी मी साबणानं तीनतीनदा हात धुवायचे. बोटांची सालं निघाली. हातमोजे होते, पण फुटवे काढताना ते फाटायचे. रजिस्टरपाशी आले की पेन हातात घेताना वाटायचं, आज 'हो' लिहू. मागं दोघं उभी असायची. मी 'नाही' लिहायचे.

ऑक्टोबरमध्ये, नवव्या मंगळवारी, चौथ्या ओळीतल्या सहा झाडांच्या खालच्या पानांवर शिरांच्या मधून पिवळेपणा दिसला. मीच तो पहिल्यांदा बघितला. आधी वाटलं, बोलूच नये. मग वाटलं, मी नाही बोलले तर पुढची पानं मोजताना तिला दिसेलच. मी तिला हाक मारली. ती गुडघ्यावर बसली, पान उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं. मग सरांना बोलावलं, तेच तिचे मार्गदर्शक होते. सर म्हणाले, बहुतेक खताची कमतरता असेल, पण तपासणीला पाठवू, तीनेक आठवडे लागतील. तोवर काचघर बंद.

आम्हा तिघांना तिनं बाहेर उभं करून विचारलं, "बाहेर कुठं टोमॅटोच्या झाडांशी संबंध आला होता? कुणाच्या बागेत, भाजीच्या वाफ्यात? मला रागवायचं नाही, फक्त कळायला हवं."

पहिला नाही म्हणाला. दुसरी नाही म्हणाली. मी मान हलवली.

तोंडातून तो शब्दही काढला नाही, म्हणजे आपण अगदी खोटं बोललो नाही, असं मी खोलीवर येताना स्वतःला सांगितलं. त्यानंतर दहा दिवस मी गप्प होते. जेवण जात नव्हतं. वर्गात सर माझ्याकडं बघायचे तेव्हा त्यांना कळलंय असं वाटायचं. दंड होईल, परत पाठवतील, पासपोर्टवर शिक्का मारतील, योजनेतून पुढं कुणालाच पाठवणार नाहीत, आणि गावात सगळे म्हणतील की हिनं तिकडं जाऊन चोरी केली.

शेवटी नानांना फोन केला. ते शेतात होते, कांद्याच्या रोपाला पाणी धरलं होतं. मी सगळं सांगितलं. काकूचं नाव घेतलं नाही, पण त्यांनी ओळखलं असणार.

"नाना, माझ्यामुळं झालं असेल तर?"

"झालं असंल न्हाईतर नसंल. तुला काय म्हाईत? गप ऱ्हा. मार्गी लागंल ते. बोललीस तर हाकलून देतीन. मंग गावात काय सांगायचं आमी?"

"पण तिची तीन वर्षं आहेत त्यात."

"अन् तुझी? तुझी न्हाईत?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "मग आपल्या डाळिंबाचं काय झालं होतं, नाना?"

पलीकडून मोटरचा आवाज येत राहिला. "लाईट गेली वाटतं," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मोटर तर चालू होती.

मी नववीत असताना आमची डाळिंबाची बाग गेली. तेल्या रोग पडला. पानांवर तेलाचे थेंब पडावेत तसे डाग, मग फळांवर काळे डाग, मग फळं तडकायची. आमच्या बागेतल्या दोन ओळी नव्या होत्या. त्यांच्या गुट्या, म्हणजे कलमं, माझ्या मामानं मिरजगावच्या बाजूच्या एका ओळखीच्या बागेतून आणून दिल्या होत्या. रोग त्या दोन ओळींतून सुरू झाला आणि एका हंगामात सगळीकडं पसरला. नानांनी जेसीबी लावून झाडं काढली आणि बांधावर पेटवली. मामा त्या काळात घरी यायचा, जेवायचा, आईशी बोलायचा, पण बागेकडं जायचा नाही. नाना चल म्हणाले तरी काही ना काही कारण काढायचा. मोठेपणी मला संशय यायचा, पण आमच्या घरात त्यावर कधी कुणी चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी नानांचा व्हॉइस मेसेज आला. त्यांनी तोवर मला कधी तसा मेसेज पाठवलेला नव्हता. आधी नुसता वारा, मग त्यांचा घसा खाकरलेला.

"ताई, नाना बोलतोय. घरात आईम्होरं बोलता येत न्हाई म्हनून हिकडं आलोय. तुझ्या मामाला म्हाईत हुतं त्या बागंत तेल्या हाय. त्यानं मला सांगितलं, पन कवा? सगळं जाळून झाल्यावर. आधी सांगितलं असतं तर त्या दोन ओळी उपटल्या असत्या मी, बाकीची बाग ऱ्हायली असती. तवापासून मी त्याच्याशी बोलतो, पन खरं बोलत न्हाई. आईला ह्यातलं काय म्हाईत न्हाई, तूबी बोलू नको." मग परत वारा. "काल मी चुकीचं बोललो. तू सांगून टाक. हाकललं तर ये घरी. मी येतो मुंबईला न्यायला."

तो मेसेज मी परत ऐकला नाही. ऐकला असता तर रडत बसले असते आणि दुपार निघून गेली असती. मी कागद घेतला आणि इंग्रजीत सगळं लिहून काढलं, कारण समोर बोलता येणार नाही हे माहीत होतं. विमानातलं कार्ड, पुड्या, रोपं, कपाट, रजिस्टर. दोन पानं झाली. ती घेऊन सरांच्या खोलीत गेले. तिथं ती संशोधक मुलगीही बसलेली होती. मला वाटलं होतं सर एकटे असतील. परत फिरावं असं एक क्षण वाटलं, पण सरांनी "ये" म्हटलं होतं.

सरांनी वाचलं आणि पानं तिच्याकडं दिली. तिनं वाचली. वाचताना तिचा चेहरा हलला नाही. संपल्यावर तिनं विचारलं, "किती वेळा?"

"काय?"

"रजिस्टरवर किती वेळा सही केलीस?"

"नऊ."

तिनं पानं टेबलावर नीट एकावर एक लावली आणि खोलीबाहेर गेली.

सरांनी मला पाणी दिलं. त्यांना नियमानं सरकारी खात्याला कळवावं लागेल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्या रात्री मी बॅग भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी गणवेशातल्या एक अधिकारी बाई आल्या, पिकलेल्या केसांच्या, आमच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकांसारख्या. त्यांनी कपाट उघडायला सांगितलं. फिकट, वाकलेली चार रोपं मातीसकट दुहेरी पिशव्यांत घातली, उरलेलं बी घेतलं, रुमालही घेतला. मग माझ्या खुर्चीवर बसून प्रश्न विचारले.

"हे सामानात कुणी ठेवलं?"

"मी."

"नक्की? घरच्या कुणी नाही?"

"नाही. मीच."

ते खोटं होतं. काकूचं नाव कुठल्याशा परदेशी कागदावर जाईल या कल्पनेनंच मला घाम फुटला. सगळं खरं सांगायला बसले आणि त्यातही एक खोटं घातलंच. ते मी आजतागायत दुरुस्त केलेलं नाही.

उठताना त्या बाई म्हणाल्या, "तू 'हो' लिहिलं असतंस तर आम्ही बघितलं असतं, बी कचऱ्यात टाकलं असतं आणि तुला जा म्हटलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं."

त्यांनी दंड केला नाही. लेखी ताकीद दिली. पण परदेशातून चोरून आणलेल्या बियांच्या रोपांना लागलेले हात चौथ्या ओळीला लागले होते, त्यामुळं तपासणीच्या निकालाची वाट न बघता ती ओळ नष्ट करायचं ठरलं. मला काचघरात यायला बंदी झाली. त्या दिवशी मी बाहेर, काचेपाशी उभी राहिले. आत ती एकटीच होती. मदतीला कुणाला घेतलं नव्हतं. एकेक झाड बुडातून कापायची, चिठ्ठी काढून खिशात ठेवायची, झाड पिशवीत भरायची. सव्वीस झाडं होती. तिनं एकदाही वर बघितलं नाही.

आठ दिवसांनी निकाल आला. कुठलाही रोग नव्हता. चौथ्या ओळीच्या ठिबकच्या नळीत क्षार साचून खताचं पाणी कमी जात होतं, एवढंच. माझी चारही रोपं निरोगी होती.

सरांनी हे मला सांगितलं तेव्हा ते हसत होते, मला सुटका झाल्यासारखं वाटेल या कल्पनेनं. वाटलंही. खोलीबाहेर येईपर्यंत वाटलं. मग लक्षात आलं की मी गप्प राहिले असते तर ती ओळ जिवंत असती. नळी साफ केली असती, पानं हिरवी झाली असती. मी खरं बोलले म्हणून ती झाडं गेली. हा विचार डोक्यात शिरला तो जाईना. नानांना फोन करून विचारावं असं वाटलं, पण त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही बोलून दाखवलं होतं. त्यांना हे कसं सांगायचं?

मी तिला शोधत गेले. ती काचघरामागच्या शेडमध्ये होती. निकालाबद्दल तिला कळलेलं होतं. मी म्हणाले, "मी सांगितलं नसतं तर..."

"तर ओळ राहिली असती, हो," ती म्हणाली. "आणि पहिल्या मंगळवारी सांगितलं असतंस तर मी तुला आत घेतलंच नसतं. तरीही ओळ राहिली असती." मग थोडं थांबून म्हणाली, "तू मधलाच दिवस निवडलास."

शेडमध्ये मातीनं माखलेल्या कुंड्यांचा ढीग पडलेला होता. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, या कुंड्या धुवायच्या आहेत का? ती म्हणाली, आहेत. शेड काचघराबाहेर असल्यानं तिथं मला बंदी नव्हती.

उरलेले तीन आठवडे वर्ग सुटला की मी तिथं जाऊन कुंड्या धुवायचे. आधी माती खरवडायची, मग कुंड्या ब्रशनं घासायच्या, मग औषधी पाण्यात बुडवून उपड्या घालायच्या. पाणी गार असायचं. सरांनी सांगितलं होतं की यानं तुझे गुण परत मिळणार नाहीत, प्रात्यक्षिकाचे गुण गेले ते गेले. मी म्हणाले, चालेल. एका दुपारी ती आली, शेजारी उभी राहून कोरड्या झालेल्या कुंड्या रचायला लागली.

मग ती म्हणाली, "मला अजून राग आहे तुझा."

"हो," मी म्हणाले.

"पण कड नीट घासतेस. बाकीचे कड सोडून देतात." आणि ती रचत राहिली.

नोव्हेंबरच्या शेवटी मी परत आले. नाना खरंच मुंबईला आले होते, एक चुलतभाऊ गाडी घेऊन बरोबर. नानांनी बॅग उचलली, माझ्या हातांकडं बघितलं आणि म्हणाले, "थंडीनं फुटले का?" मी हो म्हणाले. संगमनेर येईपर्यंत आम्ही कांद्याच्या रोपाबद्दल बोललो. कॉलेजात त्या शून्य गुणांबद्दल विचारणा झाली, मी लेखी खुलासा दिला, त्यावर आणखी एक बैठक झाली, आणि मला तो विषय पुन्हा द्यावा लागला. वर्गातल्या काहींना कळलं, काहींनी त्याचा विनोद केला. काकूनं विचारलं मेथी उगवली का, मी म्हणाले छान उगवली. तिला बाकीचं आजही माहीत नाही.

दोन वर्षांनी, श्रीरामपूरला माती तपासणीच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला लागल्यावर, धीर करून त्या मुलीला ईमेल पाठवला. फार काही लिहिलं नव्हतं. कशी आहेस, प्रबंध कुठपर्यंत आला. उत्तर येईना. रोज सकाळी मेल उघडून बघायचे. अकराव्या दिवशी उत्तर आलं. मी श्रीरामपूरच्या स्टँडवर उभी होते, गाडीला वेळ होता. तिनं लिहिलं होतं, की प्रबंध मागच्या महिन्यात सादर केला, तीनच ओळींवर केला. परीक्षकांनी चौथ्या ओळीचं विचारलं तेव्हा तिनं काय घडलं ते सांगितलं, माझं नाव घेतलं नाही. एका परीक्षकाचं त्यावर समाधान झालं नाही, म्हणून एक प्रकरण पुन्हा लिहावं लागतंय. तिथं आता उन्हाळा सुरू झालाय.

मी ते तीनदा वाचलं. तिचा राग गेला की नाही, हे त्यातून कळेना. उत्तर लिहायला घेतलं. 'प्रबंध सादर झाला हे वाचून बरं वाटलं, आणि त्या प्रकरणाबद्दल माफ कर' एवढं लिहिलं. पुढं आणखी काही लिहावं असं वाटत होतं, पण सुचेना. तेवढ्यात पुणतांब्याची गाडी लागली, लोक दाराकडं धावले, आणि मी तेवढंच पाठवून दिलं.